पोरगी नापास नव्हती, दोन विषय राहिले होते : शिरूर-दौंडच्या कॉलेजात मदत कुठे मागायची?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरूरच्या आठवडे बाजारात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वालिद भेटले. सलाम-दुआ झाली. पोरगी कशी आहे विचारलं तर म्हणाले, "सर, कॉलेज बंद केलं तिचं. नापास झाली. आता मंगनी ठरवलीय."

दहावीला चांगले गुण घेतलेली मुलगी एकदम नापास कशी, म्हणून आम्ही निकाल बघायला मागितला. मोबाइलमध्ये निकालाचा फोटो होता. तो पाहिला आणि आम्ही गप्पच झालो. पोरगी नापास नव्हती. तिचे दोनच विषय राहिले होते, बाकी सगळे सुटले होते. त्यातल्या एका विषयात विद्यापीठाच्या पेपरला पुरेसे गुण होते, पण कॉलेजच्या अंतर्गत चाचणीला ती गैरहजर होती. त्या दिवशी ती खालाच्या मुलीच्या शादीला बारामतीला गेली होती. घरात कुणालाच वाटलं नाही की कॉलेजातल्या एका छोट्या टेस्टचं एवढं काही असतं.

निकालावर 'एटीकेटी' असं लिहिलं होतं. घरच्यांनी त्याचा अर्थ 'फेल' असा घेतला. आम्हाला कळेपर्यंत पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची तारीख निघून गेली होती.

यात चूक कुणाची? वालिदैनची म्हणणं सोपं आहे. पण आम्हीच तिला तीन वर्षं शिकवलं. दहावीचे टक्के कसे वाढवायचे ते रोज सांगितलं. दहावीनंतर निकाल कसा वाचायचा ते एकदाही सांगितलं नाही. म्हणून हा लेख. उशिरा का होईना, सांगायला हवं ते सांगतो आहोत.

तालुक्याचं कॉलेज हेच आपलं कम्युनिटी कॉलेज

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाचा प्रकार आहे. घराजवळ, कमी फीचं, दोन वर्षांचं आणि सगळ्यांसाठी दार उघडं असलेलं कॉलेज. तिथलं सर्वांत जुनं, आजही चालू असलेलं असं कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट शहरात १९०१ साली सुरू झालं. नोकरी करून शिकणारे, घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणारे, दुसरी भाषा बोलणारे असे विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येने असतात. म्हणून या कॉलेजांत दोन सोयी हमखास दिसतात. एक, अभ्यासात अडलेल्यांना मोफत शिकवणारं केंद्र. दुसरी, परीक्षा केंद्र, जिथे चाचण्या होतात, राहिलेली परीक्षा देता येते आणि अपंग विद्यार्थ्यांना जादा वेळ मिळतो.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये याच नावाची योजना आणली होती. पण नाव बाजूला ठेवा. शिरूरचं चां. ता. बोरा महाविद्यालय, दौंडचं कटारिया महाविद्यालय, आपल्या भागातल्या आयटीआय, मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं यांत शिकणारी मुलं कोण आहेत? रांजणगाव एमआयडीसीत किंवा कुरकुंभला पाळी करून येणारी, गॅरेजवर बसणारी, न्हावऱ्याहून एसटीने येणारी, घरातली पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी. म्हणजे आपलं तालुक्याचं कॉलेज हेच आपलं कम्युनिटी कॉलेज आहे.

फरक एवढाच की आपल्याकडे मदतीच्या सोयी एका पाटीखाली नाहीत. काही कॉलेजात, काही विद्यापीठाच्या नियमांत, काही सरकारी संकेतस्थळावर विखुरलेल्या आहेत. ज्याला माहीत आहे त्याला मिळतात. आणि आपल्या घरांत माहिती उशिरा पोहोचते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मुस्लिमांचं प्रमाण १४.२ टक्के. पण केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या पाहणीत एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम फक्त ४.६ टक्के होते. आधीच्या वर्षी हेच प्रमाण ५.५ टक्के होतं. कॉलेजात पोहोचणारेच कमी, त्यातून एखादं मूल केवळ निकाल न समजल्यामुळे परत फिरलं तर ते नुकसान आपल्याला परवडणारं नाही.

निकाल वाचायला शिका

शिरूर आणि दौंडची पदवी महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. वर्षात दोन सत्रं, म्हणजे सेमिस्टर. शंभर गुणांच्या विषयात साधारणपणे ३० गुण कॉलेजचे आणि ७० गुण विद्यापीठाच्या पेपरचे असतात. पास व्हायला ४० टक्के लागतात, आणि ते दोन्हीकडे स्वतंत्रपणे. म्हणजे ७० पैकी ६० मिळाले आणि अंतर्गत चाचणीला शून्य असेल, तरी विषय राहतो.

म्हणून वालिदैननी पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. कॉलेजातली अंतर्गत चाचणी, प्रोजेक्ट, तोंडी परीक्षा या 'छोट्या' नाहीत. त्या दिवशी शादी असो की साखरपुडा, मुलाला कॉलेजात पाठवा. खरोखरच आजारपण असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन त्याच आठवड्यात विभागप्रमुखांना भेटा. सत्र संपल्यावर गेलात तर त्यांच्याही हातात काही राहत नाही.

दुसरी गोष्ट, एटीकेटी. हे 'अलाउड टू कीप टर्म्स'चं लघुरूप. अर्थ सरळ आहे: काही विषय राहिले आहेत, पण तुम्ही पुढच्या वर्गात बसू शकता, राहिलेले विषय पुढे परीक्षा देऊन सोडवा. ही शिक्षा नाही, सवलत आहे. मात्र सवलतीला मर्यादा असते. पहिल्या वर्षातून दुसऱ्यात जाताना काही विषय राहिले तरी चालतात, पण तिसऱ्या वर्षाला जाण्याआधी पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले असावे लागतात. म्हणून "बघू नंतर" म्हणायचं नाही. पहिल्या वर्षाचा राहिलेला विषय दुसऱ्या वर्षातच संपवायचा.

तिसरी गोष्ट, राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज आपोआप भरला जात नाही. तो वेगळा भरावा लागतो, त्याची वेगळी फी असते आणि तारीख चुकली तर विलंब शुल्क बसतं. आमच्या पाहण्यात अशी मुलं आहेत ज्यांनी अभ्यास केला, पण फॉर्मच भरला नव्हता.

चौथी गोष्ट, गुण फारच कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. छायाप्रत विषयाच्या शिक्षकांना दाखवा. कुठे प्रश्न तपासायचा राहिला, बेरीज चुकली असं दिसलं तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. दहावी-बारावीच्या बोर्डातही हीच पद्धत आहे: आधी छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन. मुदत थोडी असते, निकालापासून दिवस मोजूनच. निकाल लागला की रडण्यात चार दिवस घालवू नका.

कॉलेजात काय मागायचं

आपले लोक कॉलेजच्या ऑफिसात जायला बिचकतात. "तिथं सगळे शिकलेले, आपण काय बोलणार?" पण मागायला लाज नको. ज्या गोष्टी मागायच्या त्या कॉलेजसाठीही महत्त्वाच्या आहेत. कॉलेजांना दर्जा देणारी 'नॅक' ही संस्था पाहणी करताना विचारते की, विद्यार्थ्यांची शिकण्याची पातळी तुम्ही तपासता का, आणि मागे पडणाऱ्यांसाठी वेगळं काय करता? किती विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक आहे, हेही विचारलं जातं. म्हणून प्रवेश झाल्यावर पहिल्या महिन्यात हे चार प्रश्न विचारा:

१. माझ्या मुलाचे मार्गदर्शक शिक्षक, म्हणजे मेंटॉर, कोण आहेत?
२. अवघड विषयांचे जादा तास कधी होतात?
३. ग्रंथालयातून सत्रभरासाठी पुस्तकसंच मिळतो का, आणि अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते?
४. 'कमवा व शिका' योजनेत जागा आहे का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने पुणे विद्यापीठ ही योजना चालवतं. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी दिवसाचे काही तास काम करून मुलांना तासाप्रमाणे मोबदला मिळतो. घरखर्चासाठी गॅरेजवर दिवसभर थांबणाऱ्या मुलाला कॉलेजच्या आवारातच दोन पैसे मिळाले, तर तासही बुडत नाहीत.

घरात अपंग मूल असेल तर हेही माहीत हवं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यानंतर २०१८ मध्ये निघालेल्या केंद्राच्या सूचनांनुसार पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. मात्र त्याचा अर्ज प्रमाणपत्रासह परीक्षेच्या बराच आधी कॉलेजमार्फत करायचा असतो. पेपरच्या दिवशी दारात उभं राहून ही सोय मिळत नाही.

उर्दूतून आलेल्या मुलांची अडचण

उर्दू माध्यमातून दहावी करून अकरावीला मराठी किंवा इंग्रजी वर्गात बसणारं मूल पहिल्या महिन्यात गप्प होतं. शिक्षकांना वाटतं, याला काही येत नाही. खरं तर त्याला विषय येतो, शब्द येत नाही. 'तलब' आणि 'रसद' त्याने नववीत शिकलेलं असतं. वर्गात 'मागणी' आणि 'पुरवठा' ऐकल्यावर, किंवा 'डिमांड' आणि 'सप्लाय' ऐकल्यावर ते तेच आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. 'कसाफत' म्हणजे 'घनता' म्हणजे 'डेन्सिटी', 'जियाई तालीफ' म्हणजे 'प्रकाशसंश्लेषण' म्हणजे 'फोटोसिंथेसिस'.

यावर साधा उपाय आहे. दोनशे पानी वही घ्या, पानावर तीन रकाने आखा: उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज दहा शब्द. महिन्याभरात तीनशे शब्द होतात आणि मूल वर्गात हात वर करायला लागतं. हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतलं आहे. एक गोष्ट आणखी, कला आणि वाणिज्य शाखेत बऱ्याच विषयांची उत्तरं मराठीतून लिहिता येतात. मराठी चांगलं असेल तर इंग्रजीच्या भीतीने बी.कॉम. सोडायची गरज नाही.

मूल कच्चं की विषय अवघड?

इथे बाहेरच्या जगाचे दोन अनुभव सांगण्यासारखे आहेत.

पहिला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. तिथल्या मिसुरी विद्यापीठात १९७३ मध्ये एक पद्धत सुरू झाली. तिथे 'कच्ची मुलं' शोधलीच नाहीत, 'अवघड विषय' शोधले. ज्या विषयात सर्वांत जास्त मुलं अडकतात, त्या विषयाचे जादा तास सगळ्यांसाठी खुले ठेवले. शिकवणारे कोण? तोच विषय आदल्या वर्षी चांगल्या गुणांनी सोडवलेले विद्यार्थी. हुशार आणि कमजोर एकत्र बसल्यामुळे कुणाला लाज वाटली नाही. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली.

दुसरा कॅलिफोर्नियाचा. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी गणित-इंग्रजीची चाचणी घ्यायचे आणि कमी गुण आलेल्यांना आधी 'पाया पक्का' करायच्या वर्गांत बसवायचे. त्या वर्गांत सत्रामागून सत्र जायचं, आणि बरीच मुलं मुख्य वर्गापर्यंत पोहोचायच्या आधीच कॉलेज सोडायची. शेवटी २०१७ मध्ये तिथे कायदा झाला की, विद्यार्थ्याची आधीची शालेय कामगिरी पाहा, त्याला शक्यतो थेट मुख्य वर्गात घ्या आणि सोबत जादा मदत द्या.

आपल्याकडेही "एक वर्ष थांब, आधी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास कर, मग कॉलेज बघू" असं सर्रास सांगितलं जातं. मुलाला थांबवू नका. थांबलेलं मूल दुकानात बसतं, मुलीसाठी रिश्ते येऊ लागतात. प्रवेश घ्या आणि मदत सोबत सुरू करा.

संगणकावरची परीक्षा

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषीसाठी राज्याची एमएचटी-सीईटी होते. २०२४ पासून बीबीए, बीसीएसाठीही राज्याची सीईटी सुरू झाली. या परीक्षा संगणकावर होतात. आयटीआयची लेखी परीक्षाही आता संगणकावर असते. आपली मुलं मोबाइल सफाईने चालवतात, पण माउस हातात घेतला की बोटं अडखळतात. म्हणून कॉलेजच्या संगणक कक्षात किंवा ओळखीच्या सायबर कॅफेत किमान चार सराव परीक्षा माउसवरच द्यायला लावा. मोबाइलवरचा सराव पुरेसा नाही.

एमएचटी-सीईटीबद्दल आपल्या घरांना एक गोष्ट फारशी माहीत नसते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न इंग्रजीसोबत मराठीत आणि उर्दूतही उपलब्ध असतात. गणित मात्र फक्त इंग्रजीत. भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. नीटचं उलट आहे. ती कागदावर होते, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, तिथे अंदाजाने गोळे रंगवायचे नाहीत. नीटलाही मराठी आणि उर्दू हे पर्याय आहेत.

हिजाबबद्दल पालक विचारतात. नीटच्या सूचनांमध्ये धार्मिक किंवा पारंपरिक पोशाख घालून येणाऱ्यांना परवानगी आहे. फक्त तपासणीसाठी त्यांनी लवकर पोहोचायचं असतं. घाबरून परीक्षा टाळण्याचं कारण नाही. वेळेआधी पोहोचा, तपासणीला सहकार्य करा.

आणि अंतराचा विचार आधीच करा. केंद्र पुण्यात आलं आणि सकाळची पाळी असेल तर साडेसातला दारात हजर राहावं लागतं. दौंडकरांना रेल्वे आहे, शिरूरला रेल्वे नाही, सगळी भिस्त नगर रस्त्यावर, आणि वाघोलीची वाहतूक कुणाची वाट बघत नाही. दोन-तीन घरांनी मिळून गाडी करा, किंवा आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करा. वर्षभराची मेहनत ट्राफिकमध्ये घालवू नका.

शिक्षण मध्येच सुटलं तर

सुटलं म्हणजे संपलं, असं राहिलेलं नाही. नवीन शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट त्याच्या 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यात जमा होतात. ही सोय २०२१ मध्ये सुरू झाली. ठरलेली क्रेडिट पूर्ण असतील तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करायची, असा त्याचा हिशेब आहे. दुसऱ्या वर्षानंतर निकाह झालेल्या मुलीसाठी यापेक्षा मोठी गोष्ट कोणती? रिश्ता ठरवताना मेहेर, तारीख, जेवण सगळं बोलता. राहिलेल्या वर्षाचंही बोलून घ्या.

दहावी-बारावीच सुटली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस आहे. तिथे एका नोंदणीत पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

मोहल्ल्यात काय करता येईल

सगळं सरकारवर आणि कॉलेजवर सोडून चालणार नाही. आमचं म्हणणं फार मोठं नाही. आठवड्यातून दोन दिवस, असरनंतर मगरिबपर्यंत, मदरशाची किंवा शाळेची एक खोली उघडा. अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी, ज्या विषयात आपली मुलं सर्वांत जास्त अडकतात ते दोन-तीनच विषय घ्या. शिकवायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली. मुलींसाठी वेगळी वेळ, शिकवणारीही मुलगीच. फळा, खडू, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स आणि एक लॅपटॉप. एवढ्यावर सुरू होतं.

दुसरं, जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीच्या फलकावर फक्त तारखा लावा: परीक्षा अर्जाची, सीईटी नोंदणीची, छायाप्रतीची, शिष्यवृत्तीची. फी अडली असेल अशा हकदार मुलाला जकातीतून मदत देता येईल का, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवा. गेली काही वर्षं रमजान आणि परीक्षा एकाच हंगामात येतात. सहरीनंतरचे दोन तास शांत असतात, ते मुलांच्या अभ्यासासाठी राखून ठेवा, घरकाम त्यांच्या गळ्यात घालू नका.

शेवटी

ज्या मुलीपासून सुरुवात केली तिचा निकाह झाला. ती आता दौंडला असते. हा लेख लिहायला घेतल्यावर आम्ही तिच्या सासरी जाऊन आलो. तिच्या सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर सगळं समजावलं: आधी ते दोन विषय सोडवायचे, मग दुसऱ्या वर्षाचं बघायचं. दोन वर्षं गेली आहेत, फार वेळ उरलेला नाही. तिने कपाटातून प्लास्टिकची फाइल आणली. निकाहनाम्याच्या खाली तिने पहिल्या वर्षाचा निकाल नीट जपून ठेवला होता. तिचा नवरा तो उलटून-पालटून बघत म्हणाला, "सर, मग ही फेल नव्हतीच?"

नव्हती. त्याने फॉर्मची तारीख लिहून घेतली आहे. इन्शाअल्लाह, ती भरेल.

तुमच्या घरात, शेजारी, नात्यात असा एखादा निकाल फाइलीत पडून असेल. आज काढा आणि वाचा. समजला नाही तर जवळच्या कोणत्याही शिक्षकाकडे घेऊन जा. नापास हा शब्द घरात उच्चारण्याआधी एवढं तरी करा.